कर्ता बदलताना

बी.ए.च्या वर्गात 'प्रयोग' शिकवून आम्ही बाहेर पडत होतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थिनींनी सराव-पुस्तिका पुढे केली. त्या परीक्षेत मराठी व्याकरण आणि अंकगणित एकाच प्रश्नपत्रिकेत नांदतात, त्यामुळे अधूनमधून गणिताच्या शंकाही आमच्या दारी येतात. प्रश्न साधा होता. 20,000 रुपये कर्जाऊ घेतले, 8 महिन्यांनी 24,800 रुपये फेडले, तर सरळव्याजाचा दर किती?

सूत्र साऱ्यांना मुखोद्गत होते: व्याज = मुद्दल × दर × मुदत ÷ 100. व्याज विचारले असते तर त्यांनी क्षणात काढले असते. येथे विचारला होता दर, आणि तो सूत्राच्या मधोमध अडकून पडलेला. त्याला एकट्याला बाहेर कसे काढावे हे कुणाला उमगेना. एकीने व्याजातून मुद्दल वजा केले. का, असे विचारता उत्तर आले, "सर, बाजू बदलली की चिन्ह बदलते ना!"

हा मंत्र आम्हीही शाळेत याच श्रद्धेने घोकला होता. (अलीकडच्या राजकारणात बाजू बदलूनही चिन्ह सोबत नेता येते, पण बीजगणिताला ती सोय नाही.) मंत्र खोटा नाही, अपुरा आहे. कोणतीही संख्या उडी मारून पलीकडे जात नसते. दोन्ही बाजू तराजूच्या पारड्यांसारख्या समतोल असतात, म्हणून एका बाजूवर जी क्रिया करू तीच दुसरीवर करावी लागते, एवढेच काय ते मूळ. मुद्दल आणि मुदत दराला गुणाकाराने जोडलेले आहेत, तेव्हा ते भागाकारानेच सुटतील. शंभर भागाकाराने आले आहेत, ते गुणाकाराने. मग दर = व्याज × 100 ÷ (मुद्दल × मुदत). व्याज 4,800, मुदत वर्षाच्या दोन तृतीयांश. उत्तर येते दरसाल 36 टक्के. देणारा हेच 'शेकडा तीन रुपये महिना' असे म्हणतो, आणि तीन हा आकडा कानाला किती सौम्य लागतो! ज्याला दर वेगळा काढता येत नाही, त्याला समोरचा सांगेल तो आकडा मानावा लागतो.

इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सूत्रात एकट्या उभ्या असलेल्या अक्षराला 'सब्जेक्ट' म्हणतात. म्हणजे शब्द व्याकरणाशीही नाते सांगणारा. कर्तरीचे कर्मणी करताना आपणही कोणाला पुढे आणायचे तेच ठरवीत असतो. साम्य फार ताणू नये, हेही खरे. वाक्याचा प्रयोग बदलला की अर्थाची छटा हलते, सूत्राचा कर्ता बदलला तरी त्यातले सत्य तसूभर ढळत नाही. पण 'तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून सांगणे' ही कल्पना ज्या वर्गाला आम्ही तासभर समजावली, त्याच वर्गाला ती गणितात ओळखू आली नाही. ती ओळख करून देणे आमचे काम नव्हते काय?

भिवापूरची ओळख मिरचीची. येथल्या सातऱ्यांवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांना वजनावर मजुरी मिळते. किलोला 10 रुपये धरले, तर तीनशे रुपये पदरी पडायला 30 किलो खुडायला हवी, हा हिशेब त्यांच्यातली निरक्षर बाईही मनात करते. मजुरीच्या सूत्रातून तिने वजन वेगळे काढलेले असते. तिची लेक पदवीच्या वर्गात त्याच क्रियेपाशी अडते, याला आम्ही तिची बुद्धी जबाबदार धरायला तयार नाही.

भास्कराचार्यांनी 1150 मधील 'लीलावती'त या उलट चालीला 'व्यस्तविधी' म्हटले. शेवटच्या उत्तरापासून मागे यायचे, गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. त्यांच्या 'बीजगणिता'त अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत आणि समीकरणाच्या बाजूंना 'पक्ष'. हे सारे पद्यात! चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके 1128 चा शिलालेख एम.ए.ला आम्ही अभ्यासला तो त्याच्या अखेरीस मराठी मजकूर आहे म्हणून. विभक्तिप्रत्यय तपासले, शब्दरूपे तपासली. तो लेख भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा आहे, याकडे आम्ही टिपेपुरतेच पाहिले. आद्य मराठीच्या या पुराव्याशेजारी गणित बसले आहे आणि आम्ही मात्र 'गणित आमचा प्रांत नव्हे' असे कौतुकाने सांगत आलो.

मराठीच्या तासाला गणित कशाला, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. त्यांचा आक्षेप अगदीच गैरलागू नाही, कारण अभ्यासक्रम वेळेत संपत नाही हे आम्हीही जाणतो. तरीही त्या दिवशी फळ्यावरचे कर्मणी प्रयोग पुसून आम्ही व्याजाचे सूत्र लिहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांपैकी एक मुलगी आईच्या बचतगटाची वही घेऊन आली. तिला मुदत काढायची होती.