सरासरीचा आकडा एकटा बोलत नाही

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळाभोवती राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही आता परदेशी विद्यापीठांत अर्ज करतात. दहापैकी 7 सीजीपीए असेल, तर अमेरिकेच्या 4 च्या मापात बसवायला त्याला 4 ने गुणून 10 ने भागतात आणि 2.8 लिहून मोकळे होतात. हा हिशेब चुकीचा आहे. मुळात सीजीपीए ही साधी सरासरी नव्हे; ती विषयांच्या क्रेडिटच्या वजनानुसार काढतात. चार क्रेडिटच्या विषयात 8 आणि दोन क्रेडिटच्या विषयात 5 गुणांक मिळाले, तर सरासरी साडेसहा नव्हे, 7 येते. शिवाय प्रत्येक देशाचं माप वेगळं. जर्मनीत 1 हा गुण सर्वोत्तम आणि 4 उत्तीर्णतेच्या काठावरचा. तिथलं सूत्र कमाल गुणांबरोबर उत्तीर्णतेची किमान पातळीही धरतं. आपल्याकडे ती 4 असेल, तर 7 चे 2.5 होतात. ब्रिटनमध्ये 70 टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो, आपल्याकडे 60 ला.

हजारो अर्ज चाळायला एकच आकडा हवा, हा आक्षेप रास्त आहे. पण संदर्भाविना तो आकडा अन्यायच करतो. म्हणून विद्यापीठांनी गुणपत्रिकेवरच श्रेणींचा तक्ता, उत्तीर्णतेची पातळी आणि वर्गातलं स्थान छापावं. विद्यार्थ्यांनीही स्वतः रूपांतर न करता मूळ गुणच कळवावेत.