रुळांतली फट पुरे, आता मॅनिफोल्ड शिकवा

उष्णतेने धातू प्रसरण पावतात हे सांगताना आपले गुरुजी हमखास रेल्वेच्या रुळांतली फट दाखवतात. विद्यार्थीमित्रांनो, आज मुख्य मार्गांवर ती फट फारशी सापडायची नाही. तेथे रूळ वेल्डिंग करून लांबच लांब जोडलेले असतात. तेव्हा माझे म्हणणे असे, की हा धडा मोटारीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर शिकवावा.

इंजिनाच्या सिलिंडरांतून निघणारा तप्त धूर एकत्र करून पुढे सायलेन्सरकडे धाडणारा हा फाटेदार नळ. पुष्कळदा तो बिडाचा असतो. मध्ये पातळ गॅस्केट घालून तो सिलिंडर हेडवर आवळतात. हेड बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीने प्रसरण पावते, मग हेडच जास्त वाढेल, नाही का? गणित करून पाहा. अर्धा मीटर लांबीचा मॅनिफोल्ड ५०० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे अडीच मिलिमीटर वाढतो. हेडभोवती पाणी खेळते. ते ७५ अंशांनी तापले तरी मिलिमीटरभरही वाढत नाही! उरलेल्या दीड-पावणेदोन मिलिमीटरना सरकायला वाव हवा. म्हणून मॅनिफोल्डची भोके बोल्टांपेक्षा थोडी मोठी असतात. आणि म्हणूनच जाणता मिस्त्री आधी मधले बोल्ट आवळतो, मग आळीपाळीने टोकांकडचे, तेही दोन-तीन फेऱ्यांत. टोके आधी आवळली, तर मधला भाग नीट टेकत नाही.

‘जितके घट्ट तितके चांगले’ हे मला मुळीच पटत नाही. जोर करून पाना ओढला, की स्टड तुटतो किंवा बीड तडकते. किती आवळायचे याचा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत असतो, आणि तो मोजणारा टॉर्क पानाही मिळतो.

सांधा गळू लागला, तर थंड इंजिन टकटक करते. तापल्यावर धातू प्रसरण पावून फट मिटते व आवाज पुष्कळदा थांबतो. ‘आपोआप बरे झाले’ म्हणून लोक गाडी तशीच दामटतात! पण त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीत शिरला तर जीव घेऊ शकतो.

शिक्षकांनी भंगारवाल्याकडून एक जुना मॅनिफोल्ड वर्गात आणावा. त्याच्या तोंडांवर पोलादी पट्टी आडवी उभी धरावी आणि मुलांना खालून कोठे उजेड दिसतो ते पाहू द्यावे.