रांजणातले खडे

भाडोत्री खुन्यालाही सदसद्विवेकबुद्धी असते, असे सांगणारे चित्रपट जगात पुष्कळ निघाले आणि अजून निघत आहेत. दिवाळीच्या दिवसांत, चकलीच्या डब्याशेजारी हा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी कपाळाला आठ्या घालू नयेत. हे चित्रपट पाहायला आता थिएटरात जावे लागत नाही. ते मुलांच्या खिशात असतात. घरात येऊन बसलेल्या पाहुण्याची चौकशी घरातल्यांनी नाही करायची, तर कोणी करायची?

या जातीतला सर्वांत देखणा, आणि म्हणूनच भांडण्याजोगा, चित्रपट हाँगकाँगमध्ये १९८९ साली निघाला. नाव 'द किलर', दिग्दर्शक जॉन वू. चिनी नावाचा अर्थ 'रक्त सांडणारे दोन वीर' असा काहीसा होतो. यांतला एक वीर खुनी आहे, दुसरा पोलीस. जगभरच्या रसिकांनी या चित्रपटाला डोक्यावर घेतले. आपल्याकडेही चित्रपटांवर लिहिणारी विद्वान मंडळी त्याचे नाव निघाले की आवाज खाली आणतात. गोळ्यांचे नृत्य, हिंसेचे काव्य, मैत्रीचा धर्म, खुन्याच्या अंतःकरणातला देव, असे शब्द मग कानांवर पडू लागतात. मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. सौंदर्यशास्त्राचे जाडजूड ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण हिशेब शिकवतो, आणि माझी तक्रार हिशेबाचीच आहे.

आधी कथा सांगतो. आ जाँग नावाचा धंदेवाईक मारेकरी. चाओ युन-फॅट या नटाने तो असा काही उभा केला आहे की पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरून हलत नाही. देवावर विश्वास नाही, पण शांतता आवडते म्हणून हा गृहस्थ चर्चमध्ये बसतो. तिथेच कामगिरी पत्करतो. एका नाइटक्लबात खून पाडताना चकमक उडते, आणि त्याच्या पिस्तुलाच्या जाळाने जेनी नावाच्या गाणारीचे डोळे जातात. तो स्वतःचा पांढरा मफलर तिच्या डोळ्यांवर बांधतो. पुढे रोज तिचे गाणे ऐकायला येऊन बसतो, गुंडांपासून तिला वाचवतो, तिच्या घरी जाऊ लागतो. तिला थोडे अंधुक दिसते, पण डोळ्यांचा पारदर्शक पडदा बदलला नाही तर तेही जाणार. त्यासाठी पैसा हवा. म्हणून हा विवेकी पुरुष काय करतो? आणखी एका खुनाची सुपारी घेतो.

वाचकहो, इथेच थांबा. एका बाईचे डोळे आपल्या हातून गेले, त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या एका माणसाचा जीव घ्यायचा! माझ्या वर्गातल्या कच्च्यातल्या कच्च्या मुलानेही वहीत असे गणित मांडले, तर मी त्याला बाकावर उभा करीन. आणि हे मांडणाऱ्या पात्राला आम्ही सदसद्विवेकबुद्धीचे प्रशस्तिपत्र देऊन मोकळे झालो. तेवढ्यावरही भागत नाही. तो एक खून पचवण्यासाठी पुढे किती माणसे मरतात? ज्यांनी हौसेने मोजली ते शंभरापुढचा आकडा सांगतात. दारातून येतात, खिडकीतून येतात, काचांसकट पडतात. त्यांतल्या एकालाही नाव नाही. एकाच्याही घरी कोणी वाट पाहत असेल, असा संशयसुद्धा नायकाच्या त्या भावपूर्ण चेहऱ्यावर उमटत नाही.

आमच्या कीर्तनकारांनी अशा माणसाची गोष्ट फार पूर्वी सांगून ठेवली आहे. वाल्या कोळी हाही वाटसरूंना मारून पोट भरणारा धंदेवाईकच होता. पण त्याने एक गोष्ट केली, जी या रुबाबदार मारेकऱ्याला सुचत नाही. दर खुनामागे त्याने रांजणात एक खडा टाकला. सात रांजण भरले. त्याला पश्चात्ताप तेव्हा नव्हता, हे खरे. पण मोजदाद होती. नारद भेटला तेव्हा वाल्याजवळ दाखवायला हिशेब होता. पुढे नारदाने त्याला घरी पाठवले, ते बायकोमुलांना एक प्रश्न विचारायला. या पापात तुम्ही वाटेकरी आहात काय? बायकोने नाही म्हटले, आणि त्या 'नाही'तून वाल्मीकी जन्माला आला.

आ जाँगने जेनीला हा प्रश्न कधी विचारला? तुझे डोळे मी एका माणसाच्या प्राणांवर विकत घेतो आहे, तुला ते चालतील का, असे एकदा तरी तिच्यापुढे बसून म्हटले? नाही. तिला खरे कळते ते उशिरा. तिच्या घरातला एक प्रसंग जगभर गाजलेला आहे. खुनी आणि पोलीस एकमेकांवर पिस्तुले रोखून उभे आहेत, आणि आंधळ्या जेनीला कळू नये म्हणून दोघेही जुन्या मित्रांसारख्या गप्पा मारीत आहेत. ती बिचारी पाहुण्यासाठी चहा आणते. प्रसंग रंगतदार आहे, यात वाद नाही. पाहताना हसू येते आणि श्वासही अडकतो. पण त्या खोलीत तीन माणसे आहेत. त्यांतल्या दोघांनी मिळून तिसरीला फसवले, आणि आम्ही त्याला मैत्रीचा उदय म्हणून टाळ्या दिल्या. जिच्यासाठी हे सगळे चालले आहे, तिला विचारायचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

जॉन वू आपले गुरू मोकळेपणाने सांगतो. त्यांतला एक फ्रेंच दिग्दर्शक झाँ-प्येर मेलव्हिल. त्याच्या 'ल सामुराय' या १९६७ सालच्या चित्रपटात आलँ दलों हा नट पॅरिसचा एकाकी मारेकरी झाला आहे. उदास खोली, पिंजऱ्यात एक पाखरू, अंगावर कोट, डोक्यावर हॅट. चित्रपटाच्या आरंभी सामुरायांच्या एकांतवासाबद्दल बुशिदो ग्रंथातले म्हणून एक वाक्य येते. ते वाक्य त्या ग्रंथातले नाहीच. मेलव्हिलने स्वतः रचलेले आहे! मारेकऱ्याच्या धर्माचा आधारच जिथे बनावट, तिथे त्या धर्माबद्दल गहिवरून बोलणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. पण मेलव्हिलच्या पदरात एक गोष्ट घातलीच पाहिजे. त्याच्या मारेकऱ्यावर शेवटी जिला मारायची कामगिरी येते, ती पियानो वाजवणारी बाई. तो तिच्यासमोर जातो, पिस्तूल काढतो आणि पोलिसांच्या गोळ्यांनी कोसळतो. मग कळते की पिस्तुलात गोळीच नव्हती. गुरूच्या नायकाने विवेक जागा झाल्यावर एक पिस्तूल रिकामे केले. शिष्याच्या नायकाने दोन्ही हातांत भरलेली पिस्तुले घेतली.

यावर आमचे मित्र म्हणतात, तुम्ही पूर्वेकडची परंपरा जाणत नाही. तिथे मारेकऱ्याच्या निष्ठेला मान आहे. बरे, पूर्वेकडेच जाऊ. जॉन वू उमेदवारीच्या काळात चांग चे या दिग्दर्शकाच्या हाताखाली होता, आणि तलवारबहाद्दरांच्या त्या चित्रपटांमागे फार जुनी पुण्याई उभी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सिमा च्यान या चिनी इतिहासकाराने आपल्या इतिहासात मारेकऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यात न्ये चंग नावाचा एक खाटीक आहे. एका दरबारी माणसाने त्याला शत्रूचा काटा काढायला सांगितले. न्ये चंग म्हणाला, माझी म्हातारी आई जिवंत आहे, तोवर माझा प्राण मला कोणाला देता येणार नाही. आई वारली, बहिणीचे लग्न होऊन गेले, तेव्हाच तो निघाला. काम केले, आणि मागे राहिलेल्या बहिणीला धागा लागून शिक्षा होऊ नये म्हणून स्वतःच्या चेहऱ्याची कातडी सोलली, डोळे काढले, मग प्राण दिला. बहीण मात्र बाजारात मांडलेल्या त्या प्रेताजवळ आली, हा माझा भाऊ असे तिने सर्वांदेखत सांगितले, आणि तिथेच मेली. भयंकर कथा आहे. तिचे समर्थन मी करणार नाही. पण पाहा, त्या कथेत किंमत कोण मोजतो? मारणारा आणि त्याची सख्खी बहीण. वाटेत भेटेल त्याच्या जिवावर ती कथा उभी नाही.

आता दुसऱ्या बाजूशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. असल्या चित्रपटांवर सरसकट बंदी घाला म्हणणारी ज्येष्ठ मंडळी गावोगाव आहेत, आणि मी मास्तर असल्यामुळे ती मला आपल्यातला समजतात. मी त्यांच्यातला नाही. बंदी मागणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चित्रपट पाहिलेलाच नसतो. जॉन वूने हिंसा दुरून पाहिलेली नाही. तो १९४६ साली ग्वांगजौ येथे जन्मला. कुटुंब हाँगकाँगला आले ते झोपडवस्तीत. १९५३ साली ऐन नाताळच्या रात्री शेक किप मेई वस्तीला आग लागली, पन्नास हजारांहून अधिक माणसे उघड्यावर पडली, आणि त्यांत वूचे घरही होते. गल्लीतल्या मारामाऱ्यांतून पळून हा पोरगा चर्चमध्ये आसरा घेई. तेव्हा त्याच्या चित्रपटातले चर्च, त्या मेणबत्त्या, ती पांढरी कबुतरे हा नुसता नटवेपणा आहे असे मी म्हणणार नाही. शिवाय चित्रपट लागला तो जुलै १९८९ मध्ये. बेजिंगच्या तिआनमेन चौकातल्या रक्तपाताला जेमतेम महिना झाला होता, आणि १९८४च्या करारानुसार हाँगकाँग १९९७ साली चीनच्या हाती जायचे होते. आपण जुन्या जगातली माणसे, आपला काळ संपला, असे ती पात्रे जे हळहळत बोलतात, त्यामागे एका भेदरलेल्या शहराचा आवाज आहे. हे ऐकू न येणाऱ्याने खुशाल बंदी मागावी.

माझे भांडण निराळ्या ठिकाणी आहे. हा चित्रपट स्वतःच आपल्या नायकाला शिक्षा देतो, आणि ती शिक्षाच आमच्या रसिकांनी वगळून टाकली. शेवटच्या लढाईपूर्वी आ जाँग पोलीस मित्राकडून वचन घेतो की, मी मेलो तर माझे डोळे जेनीला द्या. (नेत्रदान ही आपल्या घरांत दुःखाच्या पहिल्या पाच-सहा तासांत, काही न मागता, शांतपणे केली जाणारी गोष्ट आहे, तिचे नाव या गोळीबारात ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.) आणि मग शत्रूच्या गोळ्या त्याला नेमक्या डोळ्यांतच लागतात. द्यायला डोळे उरत नाहीत. तो आंधळा, ती आंधळी. दोघे जमिनीवर सरपटत एकमेकांना शोधतात आणि अगदी जवळून एकमेकांना चुकवून पुढे जातात. देवळातली मातेची मूर्ती त्याआधीच फुटलेली असते. खलनायक पोलिसांना शरण जाऊन सुटू पाहतो, तेव्हा तो सज्जन इन्स्पेक्टर सर्वांसमोर त्याला गोळ्या घालतो आणि स्वतःच गुन्हेगार होतो. विवेकाच्या नावाने केलेल्या हिशेबाचे उत्तर शून्य आले, हे दिग्दर्शकाने इतके स्पष्ट दाखवले आहे. खडे नायकाने मोजले नाहीत. ते जॉन वूने मोजले.

आणि आम्ही उचलले काय? कोट. काळा चष्मा. दोन हातांत दोन पिस्तुले. वूच्याच १९८६ सालच्या 'अ बेटर टुमारो'नंतर हाँगकाँगची पोरे तिथल्या घामट उन्हात लांब कोट घालून हिंडू लागली होती. आमच्या मुलांच्या मोबाइलवर तर दोन-दोन मिनिटांचे तुकडे फिरतात. त्यांत कबुतर उडते, नायक हवेत झेपावतो, माणसे पडतात. सरपटणारा आंधळा त्या तुकड्यांत कधीच नसतो. आमच्या नववीतल्या एका हुशार मुलाने मला तो 'नृत्याचा' तुकडा मोठ्या कौतुकाने दाखवला. जेनी कोण, हे त्याला ठाऊक नव्हते.

मराठी माणसाने तरी याबाबत भोळे राहू नये. ज्या सुपारीला आम्ही तांदळावर मांडून गणपती म्हणतो, जी फोडून लग्न ठरवतो, तोच शब्द या धंद्याने मुंबईत उचलला आणि आता तो वर्तमानपत्रांत अवतरणचिन्हांशिवाय छापला जातो. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत घराजवळच डॉ. दत्ता सामंतांवर भाडोत्री मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्या संपाबद्दल आणि राजकारणाबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो. त्या सकाळी तिथे कबुतरे उडाली नाहीत, आणि मारणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरचा विषाद टिपायला कोणी थांबले नव्हते. गिरणगावातल्या माणसांनी त्या बातमीत मेलेल्याचे नाव वाचले. चित्रपटाने आम्हांला नेमके उलटे शिकवले. मारणाऱ्याचे नाव लक्षात ठेवायचे, मरणाऱ्याचे विसरायचे.

याच जॉन वूने २०२४ साली 'द किलर' पुन्हा काढला. आता गोष्ट पॅरिसची आहे, मारेकरी तरुण स्त्री आहे, गाणारी मुलगी आंधळी होते ती तशीच. तंत्र सफाईदार, रंग झगझगीत, गोळ्या मुबलक. फरक इतकाच की या वेळी मारेकरीण जिवंत राहते आणि आपल्या वाटेने निघून जाते. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या न्यायाधीशाने शिक्षा फर्मावली होती, त्यानेच ती मागे घेतली. आणि जुन्या चित्रपटाचे गोडवे गाणाऱ्या आमच्या विद्वानांपैकी कितीजण यावर रागावले? बहुतेकांची तक्रार एवढीच होती, की या खेपेला कबुतरे कमी पडली.