गृह खाते मुख्यमंत्र्यांकडे, मग उत्तर कोणाकडे?

ओरगडम (चेन्नई) : श्रीपेरुंबुदूर-ओरगडम हा पट्टा मोटारी, मोटारसायकली आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी देशभर ओळखला जातो. याच पट्ट्यातील सुंगुवरचत्रम येथील सॅमसंग कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ रोजी कामगारांनी संप पुकारला. त्या वेळी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन गुंतवणूक मिळविण्यासाठी अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. तामिळनाडूचे गृह खातेही त्यांच्याकडेच होते. उद्योगांना निमंत्रण देणारे आणि पोलिसांचे प्रमुख मंत्री अशी दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे होती. गृहमंत्री नेमका कोणाला उत्तरदायी असतो, हा जुना प्रश्न त्यामुळे येथे नव्याने उभा राहिला.

संप ३७ दिवस चालला. परवानगीविना मोर्चा काढल्याबद्दल शंभराहून अधिक कामगारांना पोलिसांनी ताब्यात घेतले. ऑक्टोबरमध्ये आंदोलकांचा मंडप हटविण्यात आला. वाटाघाटी मात्र उद्योग, कामगार आणि सूक्ष्म व लघुउद्योग खात्यांच्या मंत्र्यांनी केल्या. म्हणजे बोलणी करणारे मंत्री वेगळे होते आणि पोलिसी कारवाईचे उत्तरदायित्व असलेले खाते वेगळे. त्या खात्याचा मंत्रीच सरकारचा प्रमुख असल्याने, कारवाई योग्य होती का, हे मंत्रिमंडळातील दुसऱ्या कोणी विचारण्यास वाव उरला नाही.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यांचे विषय आहेत. मंत्र्याचे काम धोरण ठरविणे, मनुष्यबळ व निधी देणे आणि पोलिसांच्या वर्तनाबद्दल विधिमंडळात उत्तर देणे हे आहे. कोणाला अटक करावी, कोणाविरुद्ध आरोपपत्र दाखल करावे, हे ठरविणे तपास अधिकाऱ्याचे काम आहे. मात्र बदल्या आणि नेमणुकांची सूत्रे मंत्र्याच्या हाती असतात, आणि तेथूनच ही सीमारेषा पुसट होऊ लागते. तामिळनाडूत पोलीस दलाचा पाया १८५९ च्या मद्रास जिल्हा पोलीस कायद्याने घातला. दल शासनाच्या हुकमतीत ठेवणे हा त्या वसाहतकालीन रचनेचा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर सत्ताधारी बदलले, हुकमतीची ती सवय मात्र टिकून राहिली.

जयललिता, एडप्पाडी पलानीस्वामी, स्टॅलिन या तिन्ही मुख्यमंत्र्यांनी गृह खाते स्वतःकडे ठेवले. त्याचा एक लाभ असा की, निर्णय लवकर होतात. तोटा संकटाच्या वेळी दिसतो. मे २०१८ मध्ये तुत्तुकुडी येथे स्टरलाइट प्रकल्पाविरोधातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १३ जण मृत्युमुखी पडले. ही घटना आपल्याला प्रसारमाध्यमांतून कळली, असे तत्कालीन मुख्यमंत्री पलानीस्वामी यांनी सांगितले होते. न्या. अरुणा जगदीशन आयोगाच्या अहवालाने ते म्हणणे फेटाळले. वरिष्ठ अधिकारी त्यांना परिस्थितीची माहिती देत होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अहवाल विधानसभेत मांडला गेला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोपर्यंत सत्तांतर झाले होते.

जून २०२५ मध्ये शिवगंगा जिल्ह्यात मंदिराच्या एका तरुण सुरक्षारक्षकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. स्टॅलिन यांनी त्याच्या आईला दूरध्वनी करून क्षमा मागितली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. ही कृती स्वागतार्ह होती, परंतु व्यवस्थेतील त्रुटीवर ती उत्तर ठरत नाही. दिलगिरीमुळे मंत्र्याचे मन समजते. पोलिसांवर नजर कोण ठेवणार, हे त्यातून ठरत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलका आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर गृह खाते सांभाळणारे आर. आर. पाटील यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनाही पायउतार व्हावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीचे आदेश दिल्यानंतर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख पदावरून दूर झाले. त्यांच्यावरील आरोप मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांच्या पत्रातून पुढे आले होते. स्वतंत्र गृहमंत्री असला तर सरकार न पडता एक व्यक्ती उत्तरदायित्व स्वीकारून बाजूला होऊ शकते. पण केवळ स्वतंत्र मंत्री नेमल्याने पोलीस राजकारणापासून मुक्त होत नाहीत, हेही या दुसऱ्या प्रकरणाने दाखवून दिले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या देवेंद्र फडणवीस यांनीही गृह खाते स्वतःकडेच ठेवले.

म्हणूनच खरा प्रश्न खाते कोणाकडे हा नसून, मंत्री आणि पोलीस ठाणे यांच्यामध्ये कोणती भिंत आहे, हा आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी ही भिंत आखून दिली : राज्य सुरक्षा आयोग, पोलीस महासंचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, तसेच स्वतंत्र तक्रार प्राधिकरण. तामिळनाडूने २०१३ मध्ये कायदा केला. मात्र राज्य तक्रार प्राधिकरणाचे अध्यक्षपद गृहसचिवांकडे आणि जिल्हा पातळीवर ते जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. ही पदे निवृत्त न्यायाधीशांकडे असावीत, असे न्यायालयाने सुचविले होते. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याच्या सचिवाकडे ती ऐकण्याचे काम आले.

औद्योगिक पट्ट्यातील पोलीस निरीक्षकाला एकाच दिवशी कारखान्याचे प्रवेशद्वार खुले ठेवायचे असते आणि कामगारांच्या शांततापूर्ण आंदोलनाच्या हक्काचेही रक्षण करायचे असते. या दोहोंचा तोल कायद्याने साधावा, की वरच्या कार्यालयाचा कल पाहून, हे त्याच्या बदलीचा अधिकार कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून राहते. तो अधिकार आस्थापना मंडळाकडे आणि तक्रारींची सुनावणी निवृत्त न्यायाधीशाकडे गेली, तर गृह खाते मुख्यमंत्र्यांकडे असूनही नागरिकाला दाद मागण्यास दुसरे दार उरेल. तोवर पोलिसांचा मंत्री आणि पोलिसांवरील तक्रारीचा अखेरचा श्रोता एकच राहणार.