कासिमची मॅच
मीरा रोडच्या पोराला मुंबई सिटीची फुटबॉल मॅच बघायची तर अंधेरी आठवं स्टेशन. इराणमधल्या मलायरच्या कासिमला मात्र मॅचसाठी तेहरान गाठायला रात्रभर बस. अब्बास किआरोस्तामींच्या ‘द ट्रॅव्हलर’ (१९७४) या सिनेमातलं हे कार्टं त्यासाठी आईचे पैसे लांबवतं, शाळेत छड्या खातं, टीमचा बॉल नि गोलपोस्टही विकून टाकतं. कहर म्हणजे, फिल्म नसलेला कॅमेरा रोखून पोरांचे फोटो ‘काढतं’. ती बिचारी गंभीर चेहऱ्यानं एकामागून एक समोर उभी राहतात, वर पैसे देतात! लबाडच, पण मला जाम आवडला. तिकीट तो ब्लॅकनं मिळवतो, आणि मॅचला वेळ आहे म्हणून बाहेर लवंडतो तो उठतो थेट स्टेडियम रिकामं झाल्यावर. किआरोस्तामींना याबद्दल मी अजून माफ केलेलं नाही.