सह्या तिघींच्या, घर कुणाचं?

भाऊबीजेला ओवाळून झालं आणि दादानं माझ्या हातात पाकीट ठेवलं. पाकिटाखाली घडी घातलेला एक कागद होता. "निवांत वाच. पण सोमवारपर्यंत सही कर. गिऱ्हाईक थांबत न्हाई," असं म्हणून तो फराळाच्या ताटाकडं वळला. तो हक्कसोडपत्राचा मसुदा होता. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हक्क मी "राजीखुशीने व कोणताही मोबदला न घेता" सोडत आहे, असं माझ्या वतीनं कुणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं.

कारण विचाराल तर दुबई. दादाला समुद्रकाठी फ्लॅट घ्यायचाय, आणि तो नि वहिनी तिकडंच राहायला जाणार आहेत. भाचा सात वर्षं तिथं नोकरीला आहे. पुण्याला एका मोठ्या हॉटेलात प्रदर्शन लागलं होतं. तिथून दादा रंगीत पुस्तिका आणि बारा लाख दिरहॅमचा एक फ्लॅट मनात ठरवून परत आला. आपल्या रुपयांत ही रक्कम तीन कोटींच्या आतबाहेर जाते. नोंदणीसाठी तिथला जमीन विभाग ४ टक्के घेतो, ते वेगळे. हे सगळं येणार कुठून, तर पेठ वडगावच्या हायवेलगतच्या आमच्या ५४ गुंठ्यांतून.

माझं माहेर आणि सासर दोन्ही वडगावातच आहे, मधे फक्त बाजारपेठ. त्यामुळे मी सही केली नाही ही गोष्ट आठवडी बाजारात माझ्याआधी पोचली. कोथिंबिरीची जुडी देता देता एकीनं विचारलंच, "भावाच्या वाटंत आडवी पडलीयास म्हणं?"

वाट भावाची आहे की आमचीही, हे बघायला मी आमच्या गटातल्या वकील मैत्रिणीकडं गेले. माझं लग्न १९९१ चं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. म्हणजे तीन वर्षं आधी मांडवात उभी राहिले म्हणून मी बाहेर. मग २००५ मध्ये केंद्राचा कायदा बदलला आणि लग्न झालेली, न झालेली हा भेद गेला. वडील २००५ मध्ये हयात होते का, यावर कोर्टांत वर्षानुवर्षं घोळ चालला होता. तोही ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हक्क जन्मानं येतो, वडील हयात असण्याशी त्याचा संबंध नाही. आमचे वडील २०११ मध्ये गेले. आधी कधी वाटणी झालेली नव्हती. मैत्रिणीनं कागदावर मांडून दाखवलं: आई, दादा आणि मी, तिघांचे सारखे तीन वाटे. १८-१८ गुंठे.

सातबाऱ्यावर मात्र आई नि मी "इतर हक्कात" आहोत. वारसाची नोंद झाली तेव्हा कुणीतरी असंच लिहिलं आणि आम्ही कुणी बघितलं नाही. गेली वीस वर्षं शिबिरांत मी बायकांना सातबारा वाचायला शिकवतेय. आपला स्वतःचा वाचायला मला भाऊबीज उजाडावी लागली.

खरं सांगते, पेन हातात घेतलं होतं. दादानं मला सायकल शिकवली. माझ्या बाळंतपणात आईबरोबर दवाखान्यात रात्री काढल्या. माहेर म्हणजे काही १८ गुंठे नव्हे. शिवाय "परक्याला देत न्हाईस, भावाला देतीयास" हे वाक्य असं आहे की त्याला उत्तर देणारी बाई आपोआप लोभी ठरते. सगळी सोयही तशीच करून ठेवलेली आहे. जमीन विकायची तर बाजारभावाच्या टक्केवारीनं मुद्रांक भरावा लागतो. पण बहिणीनं वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क भावाच्या नावे फुकट सोडायचा, तर २०२४ पर्यंत २०० रुपयांत काम व्हायचं, आता ५०० लागतात. भाऊबीजेच्या ओवाळणीत बसेल एवढा हा खर्च.

इथवरची गोष्ट तुमच्यापैकी निम्म्याजणींच्या घरात घडलेली असेल. लिहायला बसले ते वहिनीच्या कागदामुळे.

दोन दिवसांनी वहिनी दुपारची मागच्या दारानं आली. पदराखाली बँकेचा फॉर्म होता. "वन्सं, हे काय लिवलंय ते सांगा. हे म्हणत्यात नुसती सही कर."

भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. बारा लाख दिरहॅम म्हणजे सव्वातीन लाख डॉलरच्या वर. दादाची एकट्याची मर्यादा पुरत नाही. म्हणून उरलेले, साधारण ७५ लाख रुपये, वहिनीच्या खात्यात भरायचे आणि तिच्या नावानं पाठवायचे अशी युक्ती एजंटानं सांगितली होती. फ्लॅट मात्र दादा आणि भाचा यांच्या नावावर. "बाईचं नाव कशाला अडकवताय, पुढं कटकट," हाही त्याचाच सल्ला.

फॉर्ममध्ये एक प्रतिज्ञा होती: पाठवायची रक्कम माझ्या स्वतःच्या मालकीच्या पैशातून आहे. मी ती वहिनीला वाचून दाखवली. ती हसली. पस्तीस वर्षं दुकानाच्या गल्ल्यातून भाजीचे पैसे मागून घेणाऱ्या बाईच्या तोंडी "माझ्या मालकीचे पैसे" हे शब्द आयुष्यात पहिल्यांदा आले, तेही ते पैसे तिच्या हातून निघून जावेत म्हणून.

रिझर्व्ह बँकेचं म्हणणं याबाबतीत स्पष्ट आहे. कुटुंबातल्या माणसांना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. पण परदेशात मालमत्ता घ्यायची असेल, तर ज्याची मर्यादा वापरली तो त्या मालमत्तेचा सहमालक असला पाहिजे. म्हणजे वहिनीच्या नावावर पैसे जाणार असतील तर फ्लॅटवरही तिचं नाव लागायला हवं. ही काही आपण मोर्चा काढून मिळवलेली तरतूद नाही. परकीय चलनाचा हिशेब नीट राहावा म्हणून केलेला नियम आहे. पण आपल्या उपयोगाचा आहे, आणि आपल्या शिबिरांत तो कुणी सांगत नाही. आम्ही अजून मंगळसूत्र नि भांड्यांच्या यादीवरच थांबलोय.

जोखीम मात्र तिच्या नावावर पुरेपूर येते. १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. ७५ लाखांवर तो १३ लाख होतो. हा कर वहिनीच्या पॅनवर जमा होणार. विवरणपत्र भरून परत मागायचा तोही तिनंच, आणि परतावा येणार तिच्याच खात्यात. त्या खात्याचा ओटीपी दादाच्या मोबाईलवर येतो. पुढं परदेशातल्या मालमत्तेत नाव लागलं, तर इथं रहिवासी असेपर्यंत दरवर्षी विवरणपत्रात ते दाखवावं लागतं. लपवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यानं दहा लाखांचा दंड होऊ शकतो. नोटीस येईल ती सही करणारीला. "मला काही माहीत नव्हतं, ह्यांनी सांगितलं म्हणून सही केली" हे वाक्य आपण पतसंस्थांच्या जामीनदार बायकांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय! त्याचीच ही मोठ्या रकमेची आवृत्ती.

तिथं गेल्यावर वहिनीची जागा काय? दुबईनं २००२ पासून परदेशी माणसांना ठरावीक भागांत घरं विकत द्यायला सुरुवात केली आणि २००६ च्या कायद्यानं त्या मालकीला पक्कं रूप आलं. घरमालकाला राहण्याचा परवाना मिळू शकतो. बायको त्या परवान्याच्या शेपटीला. त्याचा परवाना आहे तोवर तिचा. २०२३ पासून तिथं मुस्लिमेतरांसाठी नवा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर निम्मं जोडीदाराला आणि निम्मं मुलामुलींना सारखं, असं त्यात आहे. चांगलंच आहे. पण ते नवऱ्याच्या नावावर जेवढं असेल तेवढ्याचं. मुलाच्या नावावरच्या अर्ध्यात उद्या सुनेचा हक्क पहिला. आणि तिथले भाव नेहमी चढतेच असतात असंही नाही. २००८-०९ मध्ये ते जवळजवळ निम्म्यावर आले होते. रंगीत पुस्तिकेत ते वर्ष नव्हतं.

दुबई कशाला, आपल्या शेजारी गोव्यात बघा. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार तिथं लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात आणि बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घरजमीन विकता येत नाही. गोव्यातल्या बायका सुखात लोळतात असं मी म्हणत नाही. पण विक्रीच्या कागदावर त्यांची सही मालकीण म्हणून लागते. आपल्याकडं बायकोची सही साक्षीदार, जामीनदार किंवा हक्क सोडणारी म्हणून लागते. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती. तेव्हा गावोगाव शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग ऊस आला, हायवे आला, गुंठ्याचे भाव आले, आणि टाळ्या वाजवणाऱ्या आम्ही आमचे उतारे बघायचे विसरलो.

आता आईचं. तिचा अंगठा घ्यायचं ठरलंच होतं. अंगठा म्हणतेय, पण तिला सही येते. चौथीपर्यंत शिकलीय, रोज पेपर वाचते. ऐंशी पार केलेल्या बाईला अंगठाच असणार हे दादानं गृहीत धरलं. ती कुठं राहणार यावर दादाचं उत्तर, "चार म्हैनं तिकडं, बाकी आक्काकडं." ही आक्का म्हणजे माझी मोठी चुलतबहीण. तिला कुणी विचारलेलं नाही. आई म्हणाली, "समुद्र मी गणपतीपुळ्याला बघितलाय. माझ्या घराच्या किल्ल्या कुणाकडं ठिवायच्या ते सांगा." आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि सांभाळलं नाही, तर ती फिरवून घेता येते. पण त्यासाठी ती अट कागदात लिहिलेली बरी. "कोणताही मोबदला न घेता" लिहिलेल्या कागदात अट शोधायची कुठं?

हे सगळं मी वहिनीला सांगितलं, जरा जोशातच. मला वाटलं ती म्हणेल, नकोच ती दुबई. ती गप्प बसली. मग म्हणाली, "पर वन्सं, मला जायचंय."

मी बघतच राहिले. तिनं भाच्याकडं दीड महिना काढला होता. तिथं संध्याकाळी ती एकटी पाण्याकडेनं चालत जायची. कुठं निघालीस, कधी येणार, डोक्यावर पदर का नाही, हे विचारणारं कुणी नव्हतं. "हितं मी दुकानातनं घर आणि घरातनं देऊळ. पस्तीस वर्सं. तुमी सही केली न्हाई तर माजं जाणं ऱ्हातंय."

शिबिरात हे उदाहरण कुणी दिलं असतं तर मी दोन मिनिटांत उत्तर दिलं असतं. स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून सुचेना. ज्या सासरातून तिला सुटायचंय ते माझं माहेर आहे. आई कुणी सांभाळायची, या प्रश्नातही माझा जीव आईसाठी तुटतो की वहिनीनं सून म्हणून इथंच राहावं असं मलाही आतून वाटतं, हे मी स्वतःला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा आलेलं उत्तर मला फारसं आवडलं नाही.

म्हणून आता माझं म्हणणं असं झालंय: जमीन विका, जा, पण फुकट सही कुणीच देऊ नये. दादाला मी सांगितलं, हक्कसोड नाही. खरेदीपत्रात आई नि मी "लिहून देणार" म्हणून तुझ्याबरोबर उभ्या राहू. गिऱ्हाइकाला स्वच्छ कागद मिळेल आणि आमच्या वाट्याचे पैसे आमच्या खात्यात येतील. आईचं घर आई आहे तोवर विकायचं नाही, तेही लिहून. त्यानं हिशेब केला. त्याच्या एका वाट्यात बारा लाख दिरहॅम बसत नाहीत. लहान फ्लॅट घ्यावा लागेल, किंवा समुद्रापासून लांबचा. तो म्हणाला, "बहीण म्हणून आलीस का वकील म्हणून?" मी म्हटलं, "हिस्सेदार म्हणून." हे बोलायला नको होतं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. आईकडं जाते तेव्हा तो दुकानात असतो, किंवा जातो.

गिऱ्हाईक मात्र थांबलंय. दुसरा मसुदा झाला. त्यात आईचं नाव पहिलं आहे, आणि नावापुढं "निशाणी अंगठा" असं छापून आलेलं. आईनं चष्मा लावून ते शब्द खोडले.

वहिनीचा फॉर्म अजून माझ्याकडं कपाटात आहे. लहान फ्लॅट घेतला तर दादाची मर्यादा एकट्याची पुरेल, आणि मग कुठला नियम तिचं नाव घाला असं म्हणणार नाही. हे मी तिला परवा सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग मोठाच घ्यूया. तुमच्यातलं थोडं घाला की वन्सं, माझ्या नावानं." थट्टेत म्हणाली की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही. काल ती मोबाईलच्या दुकानात जाऊन स्वतःच्या नावाचं नवं सिमकार्ड घेऊन आली. बँकेत नंबर बदलायला सोमवारी जाणार आहे. मला बरोबर ये म्हणालीय.