उद्यान, नकाशा आणि मोहीमनायक

पावसाळा ओसरू लागला की गिरिभ्रमण-संस्थांच्या मोहीमनायकांपुढे जे नित्याचे प्रश्न उभे राहतात, म्हणजे कोणत्या घाटवाटा घ्याव्या, जुने दोर केव्हा बाद करावे, नव्या उमेदवारांना कोणत्या शिबिरात घालावे, त्यांत नकाशावाचनाचा प्रश्न सहसा येत नाही. आणि त्याचे कारण, आमच्या मते, एवढेच की तो प्रश्न केव्हाच सुटलेला आहे असा आपण सर्वांनी सोयीस्कर समज करून घेतला आहे. खडकावर रंगवलेले बाण आहेत, पायथ्याच्या गावात वाटाड्या मिळतो, आणि दुसऱ्या कोणी तरी आधी चालून उतरवून ठेवलेली रेघ दाखवणारा फोन आता प्रत्येकाच्या खिशात आहे. शिबिरात एक संध्याकाळ या विषयाला दिली जाते. सर्व्हे ऑफ इंडियाचे पत्रक भिंतीवर टांगले जाते, होकायंत्र हातोहात फिरवले जाते, आणि शंकासमाधानाच्या आत जेवणाची घंटा होते.

परंतु नकाशा वाचणे ही ऐकून येणारी विद्या नव्हे. ती सरावाने येते, आणि या विद्येपुरता सरावाचा अर्थ म्हणजे चुकण्याची, व चुकलो हे तत्काळ कळण्याची, वारंवार मिळणारी संधी. सह्याद्रीत अशी संधी वर्षाकाठी कितीदा मिळणार, आणि मिळालीच तर वीस माणसांची जबाबदारी शिरावर असताना ती घ्यावी तरी कोणी? ज्या शहरांतल्या क्लबांनी या अडचणीवर तोड काढलेली आहे, त्यांच्या एका साध्या प्रघाताकडे आम्ही या अंकात वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो प्रघात म्हणजे शहरातल्याच एखाद्या उद्यानात, फारसा गाजावाजा न करता, नियमाने भरवल्या जाणाऱ्या ओरिएंटीअरिंगच्या, म्हणजे नकाशावरून ठरावीक जागा शोधत धावण्याच्या, छोट्या स्पर्धा.

लंडनचे उदाहरण घेऊ. हॅम्पस्टेड हीथ हे सुमारे ३२० हेक्टरांचे, चढउतारांचे, तळी, झाडी आणि मोकळी कुरणे यांनी भरलेले मैदान राजधानीच्या ऐन वस्तीत आहे, आणि त्याचा कारभार १९८९ पासून सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशनकडे आहे. तेथे किंवा विम्बल्डन कॉमनवर क्लबाची स्पर्धा असली म्हणजे तिचा थाट पाहून आपल्याकडील कार्यकर्त्याची निराशाच व्हावी. एक तंबू, एक मेज, नोंदणीला बसलेले दोन वयस्क सभासद आणि झाडीत ठिकठिकाणी टांगलेले नारिंगी-पांढऱ्या कापडाचे, ३० सेंटिमीटर बाजूचे त्रिकोणी आकाशकंदील. स्पर्धकाला नकाशा मिळतो तो बहुधा प्रारंभाच्या क्षणी. त्यावर जांभळ्या रंगात त्रिकोण म्हणजे आरंभ, वर्तुळे म्हणजे कंट्रोल, अर्थात ते कंदील टांगलेल्या जागा, आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे समाप्ती. बोटात अडकवलेला डिबर प्रत्येक कंट्रोलवरील पेटीत टेकवायचा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते. मार्गांना रंगांची नावे असतात. पांढरा मार्ग लहान मुलांसाठी, सर्वस्वी पायवाटांवरून नेणारा, आणि निळा व तपकिरी हे कसलेल्यांसाठी. एका दिवशी, एकाच मैदानावर, आठ वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेला तिचा आजोबा आपापल्या मार्गाने धावतात, एकामागून एक सोडले गेल्यामुळे कोणी कोणाच्या पाठीस लागू शकत नाही, आणि ‘प्रमुख पाहुणे’ नावाची संस्था तेथे अद्याप पोहोचलेली नाही.

उद्यानात कसला आला आहे दिशाभ्रम, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकी अनुभवी मंडळींच्या मनात आल्यावाचून राहणार नाही, आणि तो गैर नाही. पण थोडा हिशेब करून पाहावा. आपण वापरतो त्या १:५०,००० च्या पत्रकावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ५०० मीटर. सपाटीवर चालणाऱ्या माणसालाही ते तुटायला सात-आठ मिनिटे लागतात, आणि तेवढ्या अवधीत नकाशाकडे एकदाही न पाहता त्याचे निभावून जाते. उद्यानातील शीघ्र (स्प्रिंट) स्पर्धेचा नकाशा १:४००० या प्रमाणाचा असतो. एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर, आणि ताशी बारा किलोमीटरच्या माफक गतीने धावणारा माणूस ते बारा सेकंदांत ओलांडतो. त्या बारा सेकंदांत त्याला आपण कोठे आहोत हे ताडायचे असते, पुढले वळण कोणते हे ठरवायचे असते, आणि भिंतीच्या डावीकडून जावे की उजवीकडून याचा निकाल द्यायचा असतो. समोच्चरेषांचे अंतरही आपल्या पत्रकावर वीस मीटर असते, तर तेथे दोन किंवा अडीच. म्हणजे ज्याला आपण सपाट म्हणून सोडून देतो त्या जमिनीचे खोलगे, उंचवटे व सोंडा त्या नकाशावर उमटलेल्या असतात. चूक झाली तर तिचा उलगडा पुढच्या मिनिटात होतो आणि तिची किंमत अर्ध्या मिनिटाहून क्वचितच अधिक असते. एका सकाळीत वीसएक कंट्रोल शोधणारा माणूस निर्णय घेण्याचा जेवढा सराव करतो, तेवढा सराव घाटवाटांच्या आख्ख्या मोसमात पुढाऱ्याच्या मागे चालणाऱ्याला मिळत नाही, हे आम्ही जबाबदारीने लिहीत आहोत.

खरी शाळा तर धावणे संपल्यानंतर भरते. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला याची पट्टी हातात पडते, आणि मग घामेजलेली माणसे नकाशे गवतावर पसरून आपण सातव्यापासून आठव्याकडे कोणत्या वाटेने गेलो याचा काथ्याकूट करीत बसतात. पहिला आलेला सर्वांत वेगवान धावपटू असतोच असे नाही. पुष्कळदा तो अंगठा नकाशावरील आपल्या जागेवरून न हलवणारा, नकाशा जमिनीशी जुळवून धरणारा आणि कंट्रोलच्या अलीकडची एखादी ठसठशीत खूण आधी गाठून मग गती कमी करणारा सावध मनुष्य असतो. या चर्चेला कोणी अध्यक्ष नसतो. मोहिमेनंतरच्या आपल्या आढावा-बैठकींहून ती अधिक प्रामाणिक असते असे आम्हांस वाटते.

या खेळाचा इतिहासही येथे थोडक्यात आठवण्याजोगा आहे. ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, या नगराजवळ पहिली सार्वजनिक स्पर्धा झाली. पुढे स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलांडर या लष्करी अधिकाऱ्याने व बालवीर-संघटकाने, तरुणांचे मैदानी शर्यतींवरील मन उडत चालले आहे हे पाहून, त्यांना नकाशा देऊन रानात धाडले, आणि १९१९ सालच्या त्याच्या स्टॉकहोमनजीकच्या स्पर्धेपासून या खेळाला बाळसे आले. जो खेळ नागर तरुणाला रानाकडे नेण्यासाठी जन्मला, तो शतक सरता सरता स्वतःच शहरात परतला. १९९६ मध्ये उद्यानांतून भरणारी ‘पार्क वर्ल्ड टूर’ सुरू झाली, २००१ मध्ये फिनलंडमधील टाम्पेरे येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत शीघ्र प्रकाराचा रीतसर समावेश झाला, आणि २०२४ ची जागतिक स्पर्धा तर एडिनबरा शहरात, केवळ शीघ्र प्रकारांचीच भरली. हा उतार नव्हे. अरण्यात जाण्याइतका वेळ ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्यापर्यंत विद्या पोहोचवण्याचा तो व्यवहारी मार्ग होता.

मोहीमनायकाने शिकावे असे अधिक काही या स्पर्धांच्या व्यवस्थेत आहे. ब्रिटिश क्लबांत तीन कामे तीन माणसांकडे असतात: मार्ग आखणारा योजक, परवानगी, वाहने व माणसे सांभाळणारा व्यवस्थापक, आणि या दोघांचे काम स्वतंत्रपणे पडताळणारा तपासनीस. योजकाने रोवलेला प्रत्येक कंट्रोल नकाशावर दाखवलेल्या जागीच आहे ना, हे तपासनीस स्वतः जाऊन पाहतो, आणि त्याच्या होकाराशिवाय स्पर्धा सुरू होत नाही. कंट्रोल लपवून ठेवणे हे तेथे कसब नव्हे, दोष समजला जातो. जागा नकाशावरून सापडावी, दैवयोगाने नव्हे. कंट्रोलांचे क्रमांक ३१ पासून पुढे देण्याची रीत आहे, ती मार्गातील अनुक्रमांकाशी घोटाळा होऊ नये म्हणून. आणि सर्वांत कडक दंडक असा की मार्ग पुरा केला असो वा अर्ध्यावर सोडला असो, प्रत्येकाने समाप्तीस येऊन आपली नोंद केलीच पाहिजे. कारण एक नाव जुळेना की व्यवस्थापकाला शोधपथक काढावे लागते. उतरणीनंतर एसटीच्या थांब्यावर डोकी मोजणारे आमचे नायक या दंडकाचे मोल जाणतील.

आणखी एक गोष्ट. या नकाशांवर काही भिंती, कुंपणे व फुलांचे ताटवे ‘ओलांडण्यास मनाई’ या चिन्हाने दाखवलेले असतात, आणि त्यांतली कित्येक कुंपणे चपळ माणसाला सहज उडी मारून पार करता येतील अशी असतात. तरीही जो ओलांडेल तो बाद. रिचमंड पार्कमध्ये हरणांचे कळप मोकळे फिरतात व त्यांच्यापासून निदान पन्नास मीटर अंतर राखावे असा तेथील व्यवस्थापनाचा सल्ला आहे. अशा जागी स्पर्धा आखणाराला नकाशाबरोबर जनावरांच्या विणीचे व माजाचे हंगामही ध्यानात घ्यावे लागतात. ओलांडता येते आणि ओलांडावे यांतला हा विवेक आपल्या गडांवर किती शिकवला जातो, हे तटबंदीच्या ढासळत्या दगडांना विचारावे.

आता आपल्याकडे हे कसे जमावे. परदेशी नकाशातील रंगसंगती, म्हणजे मोकळ्या जमिनीला पिवळा, धावता येण्याजोग्या रानाला पांढरा आणि दाटीला उत्तरोत्तर गडद हिरवा, सह्याद्रीला जशीच्या तशी लावता येत नाही. जो उतार मार्चमध्ये पांढरा, तोच आषाढात गवताने आणि कारवीने गडद हिरवा होतो, आणि एकाच डोंगराचे दोन नकाशे करण्याची पाळी येते. उद्यान मात्र माळ्याच्या कात्रीखाली असल्यामुळे बारमाही सारखे राहते, आणि नवशिक्या नकाशाकाराने आरंभ तेथूनच करावा, हे त्यामुळे अधिकच पटते. नकाशा करण्याची कायदेशीर धास्तीही आता पूर्वीसारखी उरलेली नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांना व संस्थांना पूर्वपरवानगीच्या जाचातून बव्हंशी मुक्त केले आहे, मात्र संवेदनशील स्थळांसंबंधीचे निर्बंध कायम आहेत व ते कसोशीने पाळावे. होकायंत्राच्या बाबतीत तर निसर्गच आपल्याला अनुकूल आहे, कारण महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर व खरे उत्तर यांतले अंतर एक अंशाच्या आतच आहे. अडचणी उरतात त्या दप्तरी स्वरूपाच्या: उद्यानांना दुपारी लागणारी कुलुपे, नगरपालिकेच्या उद्यान-खात्याची परवानगी, आणि हातात कागद घेऊन धावणाऱ्या तरुणाकडे संशयाने पाहणारा पहारेकरी. लेखी परवानगीची प्रत गेटावर आधी पोहोचवली आणि सकाळी फिरायला येणाऱ्या वृद्धांच्या वाटा मार्गातून वगळल्या, तर यांपैकी काहीच दुस्तर नाही.

उद्यान काय शिकवीत नाही हेही सांगितले पाहिजे. धुके, थकवा, निसरडा कातळ, कड्याची धार आणि कच खाणारे सोबती यांतले काहीही तेथे नाही, आणि शीघ्र स्पर्धेत चमकलेल्या तरुणाच्या हाती त्या भरवशावर मोहीम सोपवणे हा अविचार ठरेल. उद्यानाचा उपयोग एका अंगापुरता आहे. पण तेच अंग आपल्या शिबिरांत सर्वांत लुळे राहिले आहे.

कामानिमित्त किंवा मुलांकडे म्हणून ज्या वाचकांचा मुक्काम लंडन, स्टॉकहोम वा मेलबर्न येथे होत असेल, त्यांनी तेथील क्लबाच्या एखाद्या स्पर्धेत सामान्य स्पर्धक म्हणून अवश्य उतरावे, आणि जमल्यास पुढच्या स्पर्धेत कंट्रोलचे कंदील गोळा करायच्या कामाला राहावे, कारण व्यवस्थेची अर्धी कळ तेथे आहे. येथील संस्थांनी चषक, छापील बनियन आणि फलक यांचा मोह आवरून महिन्यातून एक रविवार, एक उद्यान आणि तीस-चाळीस माणसे एवढ्यावर आरंभ करावा. असा कोणी नकाशा तयार केला तर तो या मासिकाकडे पाठवावा. आम्ही त्याला जागा देऊ. प्रमाण १:४००० असावे, चुंबकीय उत्तरेच्या रेषा काढलेल्या असाव्या, आणि क्षेत्रकाम कोणी व कोणत्या महिन्यात केले याची नोंद कोपऱ्यात असल्याखेरीज नकाशा स्वीकारला जाणार नाही.